पक्ष्याचं शास्त्रीय नाव कसं उलगडायचं? खंड्यापासून सुरुवात

पक्ष्यांच्या कुठल्याही पुस्तकात मराठी किंवा इंग्रजी नावाखाली तिरप्या अक्षरांत आणखी एक नाव असतं, बहुतेकदा दोन शब्दांचं. नवखे पक्षिनिरीक्षक ते वाचत नाहीत. उच्चार जमत नाही, अर्थ कळत नाही आणि पक्षी तोवर उडून जातो! पण त्या दोन शब्दांत कधी एखादं शहर असतं, कधी रत्नागिरीतला एखादा इंग्रज अधिकारी, तर कधी समुद्रात बुडालेला ग्रीक राजा. हे सगळं ओळखायला लॅटिन शिकावं लागत नाही. थोडी पद्धत हवी आणि अर्थ ओढूनताणून लावायचा नाही एवढं पथ्य.

ही पद्धत शिकायला खंड्याचं कुटुंब सगळ्यांत सोयीचं. हे पक्षी ओढ्याकाठी, विहिरीवर, खाडीत, विजेच्या तारेवर, कुठेही भेटतात, आणि एकच ग्रीक कथा या कुटुंबाच्या नावांमध्ये तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली आहे. शास्त्रीय नावं खरं तर रोमन लिपीतच लिहायची असतात. इथे मी फक्त उच्चार देवनागरीत देतो आहे. उच्चारावरून मात्र कुणाशी वाद घालू नका. इंग्रज एक म्हणतो, जर्मन दुसरं आणि जुने रोमन लोक तिसरंच म्हणत असणार.

आधी पूर्ण नाव उतरवून घ्या

पूर्ण नाव म्हणजे दोन शब्द, त्यापुढे एका माणसाचं आडनाव आणि साल. आपल्या ओळखीचा, तपकिरी डोक्याचा, पांढऱ्या गळ्याचा आणि निळ्या पाठीचा खंड्या घ्या. त्याचं पूर्ण नाव असं: हॅल्सिऑन स्मिर्नेन्सिस (लिनियस, १७५८).

यातला पहिला शब्द वंशाचा, ज्याला जीनस म्हणतात. दुसरा जातीचा, म्हणजे स्पीशीजचा. आडनाव आहे ते या जातीचं पहिलं शास्त्रीय वर्णन छापणाऱ्याचं. लिनियस हा स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ. त्याच्या 'सिस्टेमा नॅच्युरी' या ग्रंथाची दहावी आवृत्ती १७५८ साली निघाली आणि प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचा हिशेब तिथूनच सुरू होतो असं जगभर मान्य झालं. म्हणूनच आपल्या परिचयाच्या कितीतरी पक्ष्यांपुढे १७५८ दिसतं. ते पक्षी त्या वर्षी सापडले असा त्याचा अर्थ नाही.

आता कंस बघा. तो सजावटीसाठी नसतो. लिनियसनं हा पक्षी अल्सेडो या वंशात टाकला होता. पुढे तो हॅल्सिऑनमध्ये गेला. वंश बदलला की मूळ लेखकाचं नाव कंसात जातं. मोराचं नाव पाहा: पॅव्हो क्रिस्टॅटस लिनियस, १७५८. इथे कंस नाही, कारण लिनियसनं ठेवला त्याच वंशात मोर अजून आहे. कंस दिसला की समजावं, या पक्ष्याचं घर बदललेलं आहे आणि त्याचं जुनं नाव शोधायला हवं. नावाची खरी गोष्ट बरेचदा त्या जुन्या नावात असते.

दुसऱ्या शब्दापासून सुरुवात करा

हे जरा उलटं वाटेल, पण दुसरा शब्द सहसा सोपा असतो. तो कुठल्या प्रकारचा आहे एवढंच आधी ठरवा: रंगरूप, ठिकाण, माणूस, आवाज, पक्ष्याचं जुनं नाव की पुराणकथेतलं पात्र.

शेवटी '-एन्सिस' आलं की ते ठिकाण. स्मिर्नेन्सिस म्हणजे स्मिर्नाचा, आणि स्मिर्ना म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं इझमीर. एलिझर आल्बिन या इंग्रज चित्रकारानं स्मिर्नाच्या खंड्याचं वर्णन आणि चित्र छापलं होतं, लिनियसनं त्याचा आधार घेतला. तुर्कस्तानपासून भारतावरून थेट आग्नेय आशियापर्यंत पसरलेला हा पक्षी त्याच्या पश्चिमेकडच्या टोकाच्या एका बंदराचं नाव लावून फिरतो. कोकणातल्या माडावर बसलेला असला तरी शास्त्राच्या लेखी तो स्मिर्नाकर.

ठिकाणावर विश्वास किती ठेवायचा, याचा धडाही याच कुटुंबात मिळतो. मोठी लाल चोच असलेला, करकोचाचोच्या म्हणावा असा एक भलामोठा खंड्या आपल्याकडे आहे. त्याचं नाव पेलार्गोप्सिस कॅपेन्सिस. पहिला शब्द चोख आहे: ग्रीकमध्ये पेलार्गोस म्हणजे करकोचा आणि ऑप्सिस म्हणजे रूप. दुसरा शब्द साफ चुकीचा. कॅपेन्सिस म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडच्या केप ऑफ गुड होपचा. पण हा पक्षी आफ्रिकेत आढळतच नाही.

त्याहून मोठा गोंधळ ऑस्ट्रेलियातल्या कूकाबराच्या बाबतीत झाला. माणसासारखा खदाखदा हसणारा हा पक्षीही खंड्याच आहे. त्याच्या जातीचं नाव नोव्हीगिनी, म्हणजे न्यू गिनीचा, आणि न्यू गिनीत तो नाही. पिएर सोनरा या फ्रेंच प्रवाशानं तो तिथे मिळाल्याचं लिहिलं, आणि त्याच्या भरवशावर हर्मान यानं १७८३ मध्ये नाव देऊन टाकलं. सोनरानं न्यू गिनीत कधी पाऊलच ठेवलं नव्हतं. हाच सोनरा आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या नावातही आहे: गॅलस सोनेराटाय. त्या कोंबड्याबाबत मात्र तक्रार नाही.

मग चुकीचं नाव बदलत का नाहीत? प्राण्यांच्या नामकरणाचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत आणि त्यात आधी छापलेल्या नावाला मान असतो. अर्थ जुळत नाही म्हणून नाव बदलू लागलं तर दर पिढीला नवी नावं पाठ करावी लागतील. मला हा नियम शहाणपणाचा वाटतो. म्हणूनच शास्त्रीय नावाकडे पक्ष्याचं वर्णन म्हणून पाहू नये. एका माणसानं एका वर्षी, हाताशी होतं तेवढ्या माहितीवर घेतलेला तो निर्णय असतो.

शेवटचं अक्षर सांभाळा

इथे मराठी वाचकाला इंग्रजी वाचकापेक्षा सोपं जातं, कारण आपल्याकडेही तीन लिंगं आहेत आणि विशेषण नामाप्रमाणे वळतं. काळा घोडा, काळी घोडी, काळं वासरू. लॅटिनमध्ये पुल्लिंगी '-अस', स्त्रीलिंगी '-आ', नपुंसकलिंगी '-अम', हा सगळ्यांत नेहमीचा साचा.

तुरेवाल्यासाठी लॅटिन शब्द क्रिस्टॅटस. मोराचा वंश पॅव्हो हा पुल्लिंगी, म्हणून पॅव्हो क्रिस्टॅटस. तुरेवाल्या चंडोलाचा वंश गॅलेरिडा स्त्रीलिंगी, म्हणून गॅलेरिडा क्रिस्टाटा. जंगल पिंगळ्याचं नाव ग्लॉसिडियम रेडिएटम. तिथे वंशच नपुंसकलिंगी. कोकण किनाऱ्यावर हिवाळ्यात काळ्या टोपीचा खंड्या दिसतो, त्याचं नाव हॅल्सिऑन पिलिएटा. पिलियस ही रोमन लोकांची नमद्याची टोपी. हॅल्सिऑन स्त्रीलिंगी धरलेलं असल्यामुळे पिलिएटा. अमेरिकेतल्या मोठ्या तुरेवाल्या सुताराच्या नावात हाच शब्द पिलिएटस होतो. '-एन्सिस' मात्र पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी दोन्हींना तसंच राहतं.

दुसरा शब्द विशेषण नसून स्वतःच एक नाम असेल तर तो वळत नाही, हे लक्षात ठेवा. पुराणकथेतली पात्रं आणि पक्ष्यांची जुनी नावं बहुतेक या गटात येतात. शेवटचं अक्षर वंशाशी जुळत नसेल तर आधी हीच शक्यता तपासा. दर वेळी निकाल सरळ लागतो असं नाही. पावसाच्या तोंडावर कोकणात वीण करायला येणाऱ्या तिबोटी खंड्याचं नाव जुन्या पुस्तकांत सीक्स एरिथॅकस असं मिळेल, नव्या याद्यांत सीक्स एरिथॅका. विशेषण की नाम, यावर व्याकरणाचे जाणकार बराच काळ भांडू शकतात. आपण चालू यादीतलं रूप घ्यावं आणि पुढे जावं.

माणसांची नावं

शेवटी '-आय' असेल तर बहुधा एका पुरुषाचं नाव, '-ई' असेल तर स्त्रीचं. सह्याद्रीत दिसणारा लाल गळ्या-छातीचा शिंजीर एथोपायगा विगोर्साय. एथोपायगा म्हणजे आगीच्या रंगाच्या ढुंगणाचा. ग्रीक भाषेला अशा बाबतीत संकोच नाही. विगोर्साय म्हणजे विगर्सचा. निकोलस विगर्स हा लंडनमधला पक्षिशास्त्रज्ञ. त्याचं नाव या शिंजिराला १८३२ मध्ये विल्यम साइक्स यानं दिलं. साइक्स दख्खनमध्ये लष्करी अधिकारी होता आणि आपल्या भागातल्या पुष्कळ पक्ष्यांची पहिली वर्णनं त्याची आहेत. त्याच विगर्सनं आदल्या वर्षी हिमालयातल्या शिंजिराला एलिझाबेथ गूल्ड या चित्रकर्तीचं नाव दिलं होतं: एथोपायगा गूल्डिई. एकमेकांच्या नावाने पक्षी वाटायची ही पद्धत तेव्हा सर्रास होती.

खंड्यांमध्ये आपल्यासाठी महत्त्वाचं नाव विडाल. कोकणातल्या खारफुटीत पांढऱ्या कॉलरचा, निळाहिरवा खंड्या आहे: टोडिरॅम्फस क्लोरिस. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या उपजातीला शार्प यानं १८९२ मध्ये विडालाय हे नाव दिलं. त्यामुळे या पक्ष्याचं पूर्ण नाव तीन शब्दांचं होतं; तिसरा शब्द नेहमी उपजातीचा. जी. डब्ल्यू. विडाल हे रत्नागिरीकडचे इंग्रज सनदी अधिकारी. दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची पहिली यादी त्यांनी १८८० मध्ये छापली.

आता पहिला शब्द: बुडालेला राजा

वंशांची नावं अवघड असतात, कारण तिथे नाव देणाऱ्यांनी आपली ग्रीक-लॅटिनची हौस भागवून घेतली आहे. त्या काळच्या युरोपात शिकलेला माणूस म्हणजे रोमन कवी ऑव्हिड वाचलेला माणूस, आणि ऑव्हिडच्या 'मेटामॉर्फोसिस' या काव्यात माणसांचे सारखे पक्षी होत असतात. पक्ष्यांना नावं द्यायला याहून सोयीचा साठा कुठला?

खंड्याची कथा त्या काव्याच्या अकराव्या सर्गात आहे. ट्राकिसचा राजा केइक्स हा पहाटताऱ्याचा मुलगा. त्याची राणी अल्कयोनी ही वाऱ्यांचा धनी एओलस याची मुलगी. भावाच्या बाबतीत घडलेल्या भयंकर गोष्टींनी अस्वस्थ झालेला केइक्स समुद्रापलीकडच्या देवाला कौल लावायला निघतो. अल्कयोनी त्याला अडवते. बापाच्या घरी तिनं वारे लहानपणापासून पाहिलेले असतात. एकदा सुटले की ते कुणाचंच ऐकत नाहीत हे तिला ठाऊक असतं. तो जातोच. वादळात गलबत फुटतं आणि बायकोचं नाव घेत केइक्स बुडतो.

इकडे अल्कयोनी रोज जूनो देवीच्या देवळात नवऱ्यासाठी मागणं मागते. मेलेल्या माणसासाठी चाललेली ही प्रार्थना देवीला सोसवत नाही. ती इंद्रधनुष्याची देवी आयरिस हिला निद्रेच्या गुहेत पाठवते. तिथून निद्रेचा मुलगा मॉर्फियस निघतो आणि निथळत्या, फिकुटलेल्या केइक्सचं रूप घेऊन राणीच्या स्वप्नात उभा राहतो. सकाळी ती किनाऱ्यावर धावते तर लाटांवरून एक प्रेत येताना दिसतं. ती बांधावरून उडी घेते आणि पाण्याला लागण्याआधीच तिचे पंख फुटतात. देवांना दया येते, दोघंही पक्षी होतात. हिवाळ्यात सात दिवस ती समुद्रावर तरंगणाऱ्या घरट्यात अंडी उबवते आणि नातवंडांसाठी एओलस वारे कोंडून ठेवतो.

हिवाळ्यातल्या या शांत दिवसांना ग्रीक लोक 'हॅल्सिऑनचे दिवस' म्हणत. ॲरिस्टॉटलनंही ते नोंदवलेत: वर्षातल्या सगळ्यांत लहान दिवसाच्या आधीचे सात आणि नंतरचे सात. खरा खंड्या समुद्रावर घरटं करत नाही. नदीच्या, ओढ्याच्या दरडीत बीळ खणतो. बिळाच्या टोकाशी माशांच्या काट्यांचा थर साचतो आणि त्याचा वास काव्यात बसण्यासारखा नसतो.

आता ही कथा घेऊन कुटुंबाकडे परत या. हॅल्सिऑन हे ग्रीक अल्कयॉनचं रूप. खंड्याला ग्रीकमध्ये तोच शब्द होता. सुरुवातीचा 'ह' मागाहून चिकटला. हाल्स म्हणजे समुद्र, किओन म्हणजे गर्भ धारण करणारी, म्हणून 'समुद्रात पिलं घालणारी', अशी व्युत्पत्ती कुणीतरी बसवली. ती ऐकायला इतकी छान आहे की अजूनही ठिकठिकाणी खरी म्हणून सांगतात. खरी नाही. हॅल्सिऑन हा वंश स्वेन्सन यानं १८२१ मध्ये केला.

अल्सेडो हा त्याच पक्ष्याचा लॅटिन शब्द. तो लिनियसनं घेतला. आपला चिमणीएवढा छोटा खंड्या, जो निळ्या रेघेसारखा पाण्यावरून सपकन जातो, तो अल्सेडो ॲथिस. ॲथिस ही लेस्बॉस बेटावरची तरुणी, सॅफो या कवयित्रीची लाडकी. लिनियसनं ईजिप्तहून आलेल्या नमुन्याला हे नाव दिलं तेव्हा तो पक्षी खंड्या आहे हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं; त्यानं त्याला ग्रॅक्युला ॲथिस म्हटलं, म्हणजे पहाडी मैनेच्या वंशात बसवलं!

केइक्सचं नाव मिळालं तिबोटी खंड्याच्या वंशाला, सीक्सला. फ्रेंच शास्त्रज्ञ लासेपेद यानं १७९९ मध्ये ते दिलं. इथे एक गंमत आहे. ऑव्हिडच्या कथेत दोघंही एकाच जातीचे पक्षी होतात. ग्रीकांच्या दुसऱ्या एका कथेत मात्र हे जोडपं इतकं गर्विष्ठ की नवरा बायकोला देवांची राणी हेरा म्हणायचा आणि बायको नवऱ्याला देवांचा राजा झ्यूस. खरा झ्यूस संतापला. तिला त्यानं खंड्या केलं आणि त्याला केइक्स नावाचा वेगळाच समुद्रपक्षी. म्हणजे या कथेप्रमाणे केइक्स हा खंड्या नव्हेच. आणि ते नाव लागलं कुणाला, तर समुद्राशी देणंघेणं नसलेल्या, जंगलातल्या ओहोळाकाठी बेडूक-सरडे पकडणाऱ्या तीन बोटांच्या इटुकल्या पक्ष्याला. एरिथॅका या दुसऱ्या शब्दानं आणखी भर घातली आहे. तो युरोपातल्या रॉबिनसाठी वापरला जाणारा जुना ग्रीक शब्द आहे. नावातून या पक्ष्याबद्दल काहीच कळत नाही. 'तिबोटी' हे आपलं नाव निदान बोटं तरी मोजतं.

कवड्या खंड्या, म्हणजे काळापांढरा, पाण्यावर एका जागी पंख फडफडत थांबून सूर मारणारा, तो सेरिली रुडिस. केरिलोस हा जुन्या ग्रीक काव्यातला पक्षी. ख्रिस्तपूर्व सातव्या शतकातल्या अल्कमान या कवीला म्हातारपणी पाय साथ देईनात, तेव्हा त्यानं लिहिलं की मी केरिलोस असतो तर हॅल्सिऑन पक्षिणींबरोबर लाटांवरून उडालो असतो. जुने टीकाकार सांगतात की हॅल्सिऑनचा नर थकला की माद्या त्याला पंखांवर वाहून नेतात. सेरिली हा वंश फ्रीड्रिक बोई यानं १८२८ मध्ये केला. रुडिस म्हणजे ओबडधोबड.

ग्रीक कथेतली पात्रं संपली तेव्हा लोक अक्षरांशी खेळू लागले. कूकाबराचा वंश डॅसेलो. कोशात कितीही शोधा, या शब्दाला अर्थ नाही. १८१५ मध्ये लीच यानं अल्सेडोची रोमन अक्षरं उलटसुलट लावून तो बनवला. आग्नेय आशियातल्या पट्टेवाल्या खंड्याचा लॅसेडोही तसाच. एखाद्या नावाचा धागा कुठेच लागत नसेल तर अक्षरं हलवून बघायला हरकत नाही.

पात्र सापडलं, पण तेच का?

नवखे लोक सगळ्यांत जास्त इथे फसतात. ग्रीक पुराणात एकाच नावाची दोन-तीन माणसं असतात. कृत्तिकांमधल्या सगळ्यांत तेजस्वी ताऱ्याचं नाव अल्सायनी आहे. तीही अल्कयोनीच, पण ॲटलासची मुलगी. खंड्याशी तिचा संबंध नाही.

गोंदियाच्या तळ्यांवर दिसणाऱ्या सारसाचं नाव अँटिगनी अँटिगनी. नाव ऐकल्याबरोबर नाटक वाचलेल्या माणसाला ईडिपसची मुलगी आठवते, भावाच्या प्रेतावर माती टाकणारी. पण पक्षी झालेली अँटिगनी वेगळी आहे: ट्रॉयचा राजा लाओमेडॉन याची मुलगी. तिनं सौंदर्यात देवीशी बरोबरी केली आणि देवीनं तिला करकोचा करून टाकलं. म्हणून नियम असा धरा: पात्राचा पक्षी झाला का, कुठला झाला, कुणाच्या कथेत झाला, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय वहीत नाव लिहायचं नाही. एकच शब्द दोनदा कसा, असं वाटेल. लिनियसनं अँटिगनी हे जातीचं नाव दिलं होतं. पुढे त्याच नावाचा वंश झाला आणि सारस त्यात गेला. प्राण्यांत अशी जोडनावं चालतात, वनस्पतींत चालत नाहीत.

काही वेळा पात्र फक्त आकारासाठी घेतलेलं असतं. ईशान्य भारतातल्या अल्सेडो हर्क्युलीजची गोष्ट शोधत बसू नका. तो त्याच्या वंशात सगळ्यांत मोठा आहे, बस्स.

हात बसला की इतर पक्षी घ्या

पिंगळ्यापासून सुरू करा, कारण त्याच्या नावात दोन धर्मांची दैवतं शेजारी बसली आहेत. अथीनी ब्रामा. अथीनी म्हणजे अथेन्सची देवी अथीना. छोटं घुबड हे तिचं चिन्ह, अथेन्सच्या चांदीच्या नाण्यांवर होतं आणि ग्रीसच्या आजच्या एक युरोच्या नाण्यावरही आहे. ब्रामा म्हणजे आपला ब्रह्मा. तेमिंक यानं १८२१ मध्ये जातीचं नाव दिलं, दुसऱ्याच वर्षी बोईनं वंश केला. हाच तो सेरिलीवाला बोई. रानपिंगळ्याचं नाव अथीनी ब्लेविटाय. ह्यूम यानं १८७३ मध्ये ब्लेविट नावाच्या संग्राहकावरून ते ठेवलं. नंतर शंभरावर वर्षं जिवंत पक्ष्याचा पत्ता नव्हता. १९९७ मध्ये आजच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ तो पुन्हा दिसला.

मग गिधाडं आणि शिकारी पक्षी. इथे साव्हिन्यी हे नाव आणि १८०९ हे साल पुन्हा पुन्हा भेटेल. नेपोलियनबरोबर ईजिप्तला गेलेला हा फ्रेंच शास्त्रज्ञ. पुराणकथांची त्याची आवड जरा भडक होती. पांढऱ्या गिधाडाचा वंश नीओफ्रॉन आणि मोठ्या काळ्या गिधाडाचा एजिपियस त्यानंच केला. कथेत हे दोन तरुण आहेत. एकाची आई आणि दुसरा यांच्या संबंधांवरून सूडाचं असं घाणेरडं प्रकरण होतं की झ्यूस दोघांनाही गिधाडं करून टाकतो, एकाला मोठं, एकाला लहान. पक्ष्यांच्या आकारातला फरक साव्हिन्यीनं बरोबर पाळला आहे. मासे पकडणाऱ्या ऑस्प्रेचा वंश पॅन्डिऑन हे अथेन्सच्या राजाचं नाव, तेही त्याचंच.

हरियाल, महाराष्ट्राचा राज्यपक्षी, सोपा पण फसवा आहे. ट्रेरॉन फीनिकॉप्टेरस. ट्रेरॉन हा होमरनं कबुतरांना लावलेला शब्द, म्हणजे बुजरा. फीनिकॉप्टेरस म्हणजे किरमिजी पंखांचा. हरियालाच्या खांद्यावर जांभळट डाग असतो, त्यावरून. हाच शब्द रोहित पक्ष्याच्या वंशाचंही नाव आहे. त्याच्या बाबतीत तो डोळ्यांना लगेच पटतो. ठाण्याच्या खाडीत येणाऱ्या लहान रोहिताचा वंश फीनिकोनायस: रोहित आणि नायस, म्हणजे गोड्या पाण्याची ग्रीक अप्सरा, यांची जोड. ठाण्याच्या खाडीला गोडं पाणी म्हणायचं धाडस कुणी करू नये.

हुप्प्याला वेळ कमी लागेल. उपुपा इपॉप्स, पहिला लॅटिन, दुसरा ग्रीक, दोन्ही त्याच्या हाकेवरून आलेले. आणि दख्खनच्या माळावरचा छोटा तुरेवाला चंडोल गॅलेरिडा डेव्हा. साइक्सचंच नाव, डेव्हा म्हणजे देव.

वहीत कसं लिहायचं

एका पक्ष्याला एक पान द्या. वर मराठी नाव, तुमच्या गावात म्हणतात तेच. खाली पूर्ण शास्त्रीय नाव रोमन लिपीत: वंशाचं पहिलं अक्षर मोठं, जातीचं लहान, माणसाच्या नावावरून आलेलं असलं तरी लहानच. हातानं लिहिताना तिरपी अक्षरं जमत नाहीत, म्हणून दोन्ही शब्दांखाली रेघ मारा. मग लेखक, साल, कंस आहे की नाही. कंस असेल तर जुना वंश.

त्याखाली दोन्ही शब्दांचा प्रकार आणि अर्थ. अर्थासाठी जेम्स जॉबलिंग यांचा पक्ष्यांच्या शास्त्रीय नावांचा कोश सगळ्यांत भरवशाचा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या 'नावामागची गोष्ट' छापाच्या मजकुरावर जाऊ नका. समुद्रात पिलं घालणारी हॅल्सिऑन तिथे अजून जोरात आहे. कोशात दोन अर्थ दिले असतील तर दोन्ही लिहा. शेवटी एक ओळ: नाव पक्ष्याला लागू पडतं का? तिबोटी खंड्याच्या पानावर ती ओळ अशी येईल: 'राजाचं नाव आहे, पण तो राजा बहुधा दुसराच पक्षी झाला होता, एरिथॅका म्हणजे रॉबिन, काहीच लागू नाही.'

पान पेन्सिलीनं लिहा. डीएनएच्या अभ्यासातून वंश सारखे हलताहेत; रानपिंगळासुद्धा ह्यूमच्या हेटेरोग्लॉक्स या वंशातून अथीनीत आला तो अशाच कामानंतर. दर वर्षी नवी यादी आली की पहिला शब्द, शेवटचं अक्षर आणि कंस एवढंच तपासून दुरुस्त करा. साल आणि लेखक बदलत नाहीत.